हूक लावायचा कुठे?

पांडेसरा, सुरत
१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

प्रिय वर्षाताई,

तर फोनवर मी जे 'सगळे मजेत' म्हणालो ना, ते अर्धंच होतं. पुढचं तोंडात आलं होतं, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर, आणि इथे आपली एकच खोली, पप्पा बाजूलाच बसलेले. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तुझ्याआधी तुमच्या चिनूने वाचून गल्लीभर केलं असतं. म्हणून हे पत्र. खालच्या खोलीतला लखन उद्या एसटीने पारोळ्याला निघतोय, त्याच्याकडे देतोय. नानखटाईच्या डब्याखाली ठेवलंय, आधी डबा उघडून बसू नकोस. अक्षराला हसायचं नाही. माझ्या शाळेत मराठी नव्हतीच, तू पाटीवर शिकवलीस तेवढीच येते.

दाजींना, तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. मम्मीची शेव झाली, चकली बिघडली. आणि भाऊबीजेला आम्ही येत नाही. रागावू नकोस, कारण सांगतो.

दिवाळीला मिल बंद झाली की सगळे गावाला पळतात, आणि पत्र्याचं काम तेव्हाच निघतं. चालू मिलमध्ये कोण छत उघडणार? पप्पा तर दरवर्षी ह्याच दिवसांत वर असतात, तुला माहितीये. फरक एवढाच की ह्या वर्षी खाली शिडीपाशी मी असणार. सेफ्टी सुपरवायझर! पाडव्याला, म्हणजे बुधवारी सकाळी, एकेकाचा बेल्ट बघून मी 'जा' म्हणणार, मगच माणूस वर.

ताई, तुला ह्या कामाचं किती सांगू आणि किती नको असं होतं मला. आपल्या डाईंगचे सिमेंटचे पत्रे बघ. खालून एकदम मजबूत दिसतात. पण वर्षानुवर्षं वाफ आणि केमिकल खाऊन ते पापडासारखे झालेत. बोल्टच्या लाइनीवर पाय ठेवला तर खाली लोखंड असतं, वीतभर बाजूला पडला की माणूस सरळ खाली, कापड रंगवायच्या जिगर मशिनवर. बोल्टची लाइन सगळ्यांना माहितीये, पण माणूस आहे, पाय घसरतो, चक्कर येते, कबुतर उडतं. तेव्हा पकडायला काहीतरी पाहिजे की नको?

मी लागलो तेव्हा बेल्ट होते. नवे कोरे, प्लास्टिकमध्ये. मॅनेजर साहेब म्हणायचे, "ललितभाई, बधाने बेल्ट पेरावी दो ने फोटो पाडी लो." सगळ्यांना बेल्ट घालून फोटो व्हायचा, आणि मधूनमधून गळती बुजवायला सगळे तसेच वर जायचे. मी एकदा शिडीवरून डोकावलो तर पाचही जणांनी हूक स्वतःच्याच छातीच्या पट्ट्यात अडकवलेला! लोंबू नये म्हणून. पप्पांनी पण. मी ओरडलो, "पप्पा, हे काय?" तर त्यांच्या हाताखालचा पंडित म्हणतो, "मग कशाले लावू, सायेब? आभायले?"

खोटं नव्हतं ते. वर हूक लावायला काहीच नव्हतं. म्हणून मी वायर रोपच्या मागे लागलो. छताच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तार ताणायची, हूक तिच्यात सरकत राहतो, पडला तरी माणूस लटकतो, मरत नाही. साहेब म्हणाले, आधी बेल्ट तरी माणूस पेलतो का दाखवा. आणि मला तर तेवढंच पाहिजे होतं!

मी काय केलं, बेल्ट घातला, सामान उचलायच्या चेन-पुलीचा हूक पाठीच्या पट्ट्यात लावला आणि सगळ्या खात्यासमोर स्वतःला वर ओढून घेतलं. हात पसरले. म्हटलं, बघा, पेलतो की नाही? टाळ्या पडल्या. पोरांनी मोबाइल काढले. मी वरून भाषण पण दिलं, हिंदीत.

मग म्हटलं, उतरवा. चेन अडकली.

ताई, सेफ्टीच्या क्लासमध्ये आम्हाला हे अर्धा तास शिकवलं होतं, की लटकलेल्या माणसाला पटकन खाली घ्यायचं असतं, नाहीतर मांडीचे पट्टे रक्त अडवतात. अडकवायचं कसं ते मी चोख केलं होतं. उतरवायचं कसं ते डोक्यातच आलं नव्हतं. मोठी शिडी बॉयलरकडे गेलेली. खाली लोक हसत होते, त्यांना वाटलं मी अजून ॲक्टिंग करतोय. मी पण हसत होतो. मग पाय मुंग्यांनी भरले, मग पाय आहेत की नाही तेच कळेना. कानात शिट्टी वाजायला लागली. आवाज फुटत नव्हता. इतके लोक खाली, आणि मी सगळ्यांच्या समोर अडकलेला. अजून डोळे मिटले की ते पट्टे मांडीत रुततात.

पप्पांच्या एकट्याच्या लक्षात आलं. त्यांनी रंगाचा रिकामा ड्रम ओढला, त्याच्यावर चढले आणि माझ्या खाली उभे राहिले. "पाय ठेव मन्हा खांदावर. ठेव ना रे." मला पाय उचलता येईना, त्यांनीच माझी पावलं धरून खांद्यावर ठेवली. मांडीवरचा ताण सुटला तसं मला रडूच आलं. शिडी येईपर्यंत ते तसेच उभे होते, वर बघत पण नव्हते. मध्ये एकदा माझा पाय सटकला, आणि सगळा भार एकदम उजव्या बाजूला गेला. "हालू नको," एवढंच म्हणाले.

आता मला मिलमध्ये नाव पडलंय 'आकाशकंदील'. पंडित म्हणतो, "औंदा कंदील इकत आनाले नको, लल्लूले टांगी दिऊत." हसतो मी पण. काय करणार? पण त्या लटकण्याचा एक फायदा झाला. साहेब घाबरले. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून म्हणाले, तार लावून घ्या, शिडी पण तिथेच ठेवा, "पण याद राखजो, कोईने कंई थयुं तो आ सेफ्टीनुं नाटक बंद." म्हणजे कोणाला काही झालं की तार पण गेली. तार आली, ताई! ताणली पण. मी स्वतः ओढून बघितली. असा आनंद मला रिझल्टला झाला नव्हता.

पप्पा मजेत आहेत. चहा हल्ली डाव्या हाताने पितात. मम्मी त्यांचे केस विंचरून देते, सकाळी, पडदा ओढून. मी विचारलं तर म्हणाली, "तुले काय करनं? नवरा शे मन्हा." मला आधी वाटलं, ह्या वयात चला प्रेम बिम.

ताई, आता तेच लिहितो, ज्याच्यासाठी कागद घेतला.

त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. शर्ट मम्मी घालून देते. भेस्तानच्या डॉक्टरांना मी जबरदस्तीने दाखवलं. ते म्हणाले आतली नस फाटलीये, हात उचलायचा नाही, वजन तर नाहीच, नाहीतर ऑपरेशन. बाहेर आल्यावर पप्पा रस्त्यातच थांबले. म्हणाले, "मिलमा बोलू नको." मी म्हटलं, पप्पा, बुधवारी तुम्ही वर कसे जाणार? म्हणाले, "पायवर चढतस रे, हातवर नही."

काल मी त्यांना घेऊन तारेपाशी गेलो, छताच्या कडेला, सुरुवातीलाच एक खांब आहे तिथे. तार खांबापाशी संपते आणि पुढची सुरू होते. तिथे हूक एका तारेतून सोडून दुसऱ्या तारेत लावावा लागतो, हात डोक्याच्या वर नेऊन. मी म्हटलं, करून दाखवा. त्यांनी डाव्याने केलं, एकदा जमलं. पण डाव्या हाताने खांब धरायचा असतो ना, ताई, तो सोडावा लागला. दुसऱ्या वेळी उजवा उचलायला गेले. तोंड पांढरं पडलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी हूक आपल्या छातीच्या पट्ट्यात अडकवला आणि म्हणाले, "व्हई गयं."

तिथेच मला कळलं की बुधवारी पण ते हेच करणार. सगळ्यांचे हूक तारेत आणि त्यांचा एकट्याचा छातीत. ज्या तारेसाठी मी एवढा नाचलो, ती त्यांनाच वापरता येत नाही. आणि का येत नाही, ते मला माहितीये.

मम्मीला सांगितलं तर ती भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "त्यास्ले घरमा बसाडशी तर ते काय करतीन? टीव्ही देखतीन?" पप्पा म्हणजे टोळीचे पुढारी, धुडकूदादा, ताई. पाडव्याला पहिला पाय त्यांचा पडतो, मग बाकीचे. ह्या वर्षी पंडित पुढे गेला की पुढच्या वर्षी साहेब पंडितलाच बोलावणार. आणि शिडीपाशी सगळ्यांसमोर थांबवणारा कोण, तर स्वतःचा पोरगा, आकाशकंदील.

बरं, मी साहेबांना खरं सांगायला जावं, तर ते पहिलं विचारणार, खांद्याला लागलं कसं? मग माझा तो खेळ निघणार. 'कोईने कंई थयुं' मध्ये हे पण येतंच ना? तार काढायला त्यांना एक दुपार पुरे. मग पंडित आणि बाकीची पोरं परत छातीला हूक लावून पापडावर चालणार. आणि नाही सांगितलं तर ती चौघं सुरक्षित, पप्पा एकटेच नाहीत. मी रोज हाच हिशेब करतो, कसाही केला तरी वर कोणीतरी बिनतारेचं उरतंच. जेवताना पप्पांचा डावा हात बघायचा आणि पोळी मोडून त्यांच्या ताटात टाकायची, जणू सहज.

एक आयडिया आहे. तू फोन करून पप्पांना रडून सांगायचं, भाऊबीजेला एकटं वाटतं, या. तुझ्यासाठी ते कदाचित निघतील. मग कोणाला काही कळणार नाही, तार पण राहील. पण ते खोटं होईल, आणि पप्पांना तुझा रडका आवाज लगेच ओळखता येतो, खरा कुठला आणि खोटा कुठला. आणि ह्या वर्षी चुकवलं, पुढच्या वर्षी काय?

तुझा,
ज्याला उतरवायला पप्पा ड्रमवर चढले तो,
ललित

ता.क. पप्पांनी आत्ता विचारलं, "कोनले लिखी राहिना एवढं?" मी म्हटलं, ताईला. म्हणाले, "मन्हा आशीर्वाद लिख." लिहिला. मग म्हणाले, "आनी लिख, ललितनी मिलमा मोठी तार लावी." हे म्हणताना त्यांनी हात वर करून तारेची उंची दाखवायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच खाली घेतला. मी खाली बघून लिहीतच राहिलो.

ताई, तू मोठी आहेस. मंगळवारी फोन करशील तेव्हा पप्पा शेजारीच असणार, म्हणून फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हण, मी समजेन. बुधवारी ते शिडीच्या पहिल्या दांडीवर पाय ठेवतील, तेव्हा मी सगळ्यांसमोर हात आडवा घालू का?