खवल्या मांजराला चालू दे

प्रिय अपेक्षा,

तू आत चित्रकलेचे पेपर तपासत बसली आहेस आणि मी इथे गॅलरीत बसून तुला पत्र लिहितोय. शालनने मघाशी डोकावून विचारलं, "अहो, भिंतीपलीकडच्या सुनेला पत्र? तिकीट लावणार आहात का?" लावलं असतं. पण माझं सगळं बोलणं पाटीवर चालतं आणि पाटीवर 'चहा', 'औषध', 'पंखा' एवढंच मावतं. आज जास्त बोलायचंय.

आपलं पत्र्याचं खवल्या मांजर दुपारी एकदाचं शाळेच्या टेम्पोत चढलं. तू पुढे बसलीस म्हणून तुला दिसलं नाही. धायरी फाट्याच्या सिग्नलला एका बाईने रिक्षातून हात बाहेर काढून त्याच्या पाठीवरून फिरवला. मी मागे त्याला धरून बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहून मान डोलावली, मीही डोलावली. बरं वाटलं गं.

गळ्याच्या ऑपरेशननंतर मी कसा झालो होतो ते तू पाहिलंस. स्वरयंत्र गेलं, श्वास गळ्याच्या भोकातून सुरू झाला. जयंतीच्या सभेत ज्याला लोक "तात्याराव, आवरा आता" अशा चिठ्ठ्या पाठवायचे, तो माणूस बेल वाजली की आतल्या खोलीत जायला लागला. तुझा नवरा रोहन माझ्याशी ओरडून बोलायचा, जसं काही माझे कानही गेलेत. घाबरला होता बिचारा. तू मात्र धीर वगैरे दिला नाहीस. शाळेच्या बागेसाठी भंगारातून प्राणी करायचं काम अंगावर घेतलंस, पार्किंगमध्ये पत्र्याचा ढीग आणून टाकलास आणि बोटाला पट्टी गुंडाळून वर आलीस. "बाबा, कात्री धरवत नाहीये. तेवढे खवले कापून द्याल?" दुसऱ्या दिवशी ती पट्टी सुटली, तर खाली साधा ओरखडा नव्हता. मी पाटी उचलली नाही. जन्मभर कारखान्यात पत्रा कापलेला. हात आपोआप चालायला लागले होते.

तेलाचे डबे, कूलरचे पत्रे, सायकलींची मडगार्डं, सगळ्याचे खवले झाले. नखांसाठी तू मला मार्केट यार्डात नेलंस, हमालांचे पोती उचलायचे जुने आकडे मागायला. तिथल्या संतोष हमालाने तुला विचारलं, "यांना बोलता येत नाही का?" तू म्हणालीस, "त्यांच्याकडे बघा, कळेल." मी हातांनी हवेत वाकड्या नखाचा आकार काढून दाखवला आणि त्याला खरंच कळलं. वेल्डिंगचा धूर मला चालत नाही म्हणून तू वेल्डरला बोलावलंच नाहीस, सगळं रिबिटा ठोकून जोडलंस. तुझ्या तळहाताला फोड आले, तेव्हाची पट्टी खरी होती. डोळ्यांसाठी शालनने कुकरच्या जुन्या शिट्ट्या दिल्या. "घरात एवढ्याच आवाज करत होत्या, त्याही न्या," म्हणाली आणि लगेच स्वयंपाकघरात निघून गेली.

आपलं भांडण एकदाच झालं. खवल्या मांजर भ्यालं की अंगाचं वेटोळं करतं, तसंच करू, असं तुझं म्हणणं. मी पाटीवर लिहिलं, 'नाही. चालू दे त्याला.' तू कारण विचारलंस. मी पाटी पुसली. तू अर्धी जोडलेली पाठ उलगडायला घेतलीस.

काल तुमच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला तेव्हा मी दाराआडच होतो. बागेच्या उद्घाटनाच्या उद्याच्या कार्यक्रमात सासरे दोन शब्द बोलतील की तो विषय नकोच, असं त्या विचारत असाव्यात. कारण तू जराही न अडखळता म्हणालीस, "बोलतील की!" ऑपरेशननंतर माझ्याबद्दल हा शब्द कुणी वापरला नव्हता. म्हणून हा सगळा खटाटोप. अपेक्षा, हे माझं उद्याचं भाषण आहे. मी माईकपाशी उभा राहीन, तू शेजारी उभी राहून वाच. स्वतःचं कौतुक आलं म्हणून ओळी गाळू नकोस. आणि मध्येच टाळ्या झाल्या, तर थांब. मी थांबायचो.

तुझाच,
उद्याचा वक्ता,
बाबा