पेजेचं पातेलं घेऊन अंगणात

बाबा,

तुम्ही त्या अंगणात उन्हात उभे होतात, हातात पेजेचं पातेलं, पायांत वहाणा नाहीत, ते आज सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसाचा धक्का काही माझ्या मनातून गेलेला नाही.

गावकीने तुम्हाला पाटील म्हणून पुढे केलं तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरी होते. ओटीवर माणसं यायची, मी चहा देता देता ऐकायची. बांधाचं भांडण असो की लग्नाची तारीख, सगळं तुमच्या शब्दावर. आई एकदा म्हणालीसुद्धा, "हल्ली प्रार्थनेला गुडघे टेकायला तुम्हाला वेळ मिळत नाही, निवाडे करायला बरा मिळतो." तुम्ही हसलात. "अगं, देवाचंच काम करतोय ना मी?"

मग वाडीपलीकडच्या शेजाऱ्याने सामाईक विहिरीवर इंजिन बसवलं आणि आपल्या केळींसाठी पाणी उपसतच राहिला. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खारं झालं, आपल्या पानवेली पिवळ्या पडल्या. राग सगळ्यांनाच होता. पण निकाल तुम्ही दिलात: त्याच्या घरी कुणी जायचं नाही, त्याला लग्नाकार्याला बोलवायचं नाही, त्याच्या घरचं मयतही उचलायचं नाही. हे शेवटचं कुणी मागितलं नव्हतं. तुमच्या तोंडून ते सहज गेलं, आणि ओटीवरचे सगळे "बरोबर, बरोबर" म्हणाले.

पावसाळा सरला आणि त्याची म्हातारी आई गेली. सकाळी चर्चची मयताची घंटा वाजली. आपल्याकडे ती घंटा ऐकली की हातातलं काम टाकून निघतात. पुरुष कुदळी घेऊन दफनाचा खड्डा खणायला, बायका पेज घेऊन, कारण त्या घरात चूल पेटत नाही. त्या दिवशी मात्र सगळे आपल्या अंगणात येऊन तुमच्या तोंडाकडे बघत उभे. मी दाराआड.

"पाटील, काय करायचं? तुमचा शब्द म्हणून थांबलोय."

"मयत उचलू दे की त्याच्या इंजिनाला!" मागून कुणी तरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले.

तुमचा चेहरा पांढरा पडला. आईला हाक मारून तुम्ही विचारलंत, "पेज आहे का गं?" तिने आणलेलं पातेलं हातात घेतलंत, कोपऱ्यातली कुदळ खांद्यावर.

"अहो, ठराव तुमचाच ना?" गर्दीतल्या एकाने अडवलं.

"माझाच. देवाने नव्हता सांगितला."

तुम्ही शब्द मागे घेतलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मागे कुणीच निघालं नाही. आईने मला ढकललं, "जा त्यांच्याबरोबर." त्याच्या अंगणात पोचलो तर शेजारी दारातच उभा होता, डोळे सुजलेले.

"आता आलात? कोण म्हणून? पाटील म्हणून?"

"नाही रे."

"मग तिथंच थांबा. आत पाऊल टाकायचं नाही."

मला वाटलं, आता तुम्ही ओरडाल, नाहीतर पातेलं ठेवून परत फिराल. तुम्ही "बरं" म्हणालात आणि थांबलात. अख्खा गाव ज्याचं ऐकतो तो माझा बाप, वाळीत टाकलेल्या माणसाचं ऐकून भर उन्हात उभा! कुंपणापलीकडून लोक बघतायत आणि तुमचे ओठ प्रार्थनेत हलतायत. बऱ्याच वेळाने त्याची बायको बाहेर आली. तिने पातेलं घेतलं. मग तुम्ही कुदळ उचलून स्मशानभूमीकडे निघालात, आणि कुंपणापलीकडची माणसं एकेक करून कुदळी आणायला पळाली.

गावकीने तुम्हाला पाटीलकीवरून काढलं नाही. पण पुढे निवाड्याआधी तुम्ही चर्चमध्ये आल्तारापुढे गुडघे टेकायचात, लोक ओटीवर कितीही ताटकळोत.

आता इथे, सासरच्या गावात, महिला मंडळाने मला अध्यक्ष केलंय. हिशेब चोख, उधळपट्टी नाही म्हणून. काल सभेत एकीने विचारलं, "सगळं तुमच्याच मनासारखं व्हायला हवं का?" मी अगदी शांतपणे म्हटलं, "मग तुम्ही सणाच्या स्वयंपाकाला येऊ नका." गावच्या सणाला ज्या बाईला लसूण सोलायलाही बोलावत नाहीत, ती गावात असून नसल्यासारखी. मला वाटलं, कुणी तरी "असं नको" म्हणेल. एकजात सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या अंगावर काटा आला, बाबा. आणि त्याहून मोठा हादरा हा, की क्षणभर मला बरं वाटलं होतं.

सकाळी प्रार्थनेला बसले तेव्हा काय करायचं ते स्वच्छ कळलं. त्या बाईचं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पाठकोरा कागद आहे, चुलीत जाईल. ऊन उतरत आलं. इतकं सगळं मी लिहीत बसले ते खरं तर तिच्या दारी जाणं टाळायला.