तक्रार नसलेली घरं

४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. फोनवर मी सगळं थट्टेवारी नेतो आणि मुद्द्याला बगल देतो, म्हणून जे काय असेल ते कागदावर लिहून पाठव, अशी तुझी आज्ञा. तर लिहितो.

तुझी बदली इथे झाली हे फार छान झालं. स्वतंत्र घर मिळेपर्यंत तू आणि छकुली आमच्याकडेच राहायचं, यात चर्चा नाही. मागची खोली रिकामी करायला घेतली आहे. खिडकीची कडी नीट लागत नाही, ती बदलायची आहे. भिंतींना रंगाचा एक हात द्यायचा आहे, आणि ओल्या रंगाचा वास तीन महिन्यांच्या बाळाला काही बरा नव्हे. नळाचंही काम निघालंय. तेव्हा घाई करू नकोस, जरा दमानं ये.

आमची ढमी आता चालते. म्हणजे पडते, आणि मधे वेळ मिळाला तर चालते. घरातली प्रत्येक चप्पल उचलून बादलीत टाकणं हे तिनं स्वतःचं काम ठरवून घेतलंय.

माझं ऑफिस नेहमीसारखं. वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारींच्या खिडकीमागे बसणाऱ्याचा दिवस जसा जायचा तसा जातो. सकाळी पहिला माणूस डाफरतो आणि संध्याकाळी शेवटचा. आपल्या घरात मी ती वस्तू येऊ देत नाही, हे तुला माहीतच आहे. चादरी पिळताना बायको माझ्याकडे ज्या नजरेनं बघते, ती तू इथे आलीस की बघशीलच. दिवसभर शिकाऊ लोकांना गाडी शिकवून आलेली बाई, संध्याकाळी तिच्या अंगात चादरी पिळण्याइतका जोर कुठून उरतो कोण जाणे.

तू आणखीही काहीतरी विचारलं होतंस. ते सवडीनं लिहितो.

तुझा भाऊ


१६ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. इतकं छोटं पत्र तू आयुष्यात कुणाला लिहिलं नसशील. ‘ढमीची गोवराची लस झाली का? हो की नाही?’

नाही.

खिडकीची कडी व्यवस्थित लागते. नळही गळत नाही. त्या सगळ्या सबबी होत्या, आणि तू त्या पहिल्या वाचनातच ओळखल्या असणार.

शनिवारी मला सुट्टी असते, म्हणून लशीचं काम माझ्याकडे आहे. एकदा ढमीचं नाक गळत होतं म्हणून दवाखान्यातून परत आलो. पुढच्या वेळी गर्दी फार आहे म्हणून. शेवटी तर आमचा नंबर पुकारला होता. मी तिला उचललं आणि डॉक्टरांच्या दाराकडे जायच्या ऐवजी जिना उतरून सरळ रस्त्यावर आलो. घरी सांगितलं, पुढच्या शनिवारी बोलावलंय. बायकोशी खोटं बोललो. तुझं पत्र तिच्याच हातात पडलं, त्यामुळे आता तेही उघड झालंय.

कारण सांगतो. आधीच्या एका लशीनंतर ढमीला ताप आला होता. बायको कामावर होती, घरात मी एकटा. पोरीचं अंग नुसतं भाजत होतं. डोळे अर्धवट मिटलेले. हाक मारली की हुं करायची आणि पुन्हा मान टाकायची. सकाळी ती खडखडीत बरी झाली. मी नाही झालो. तेव्हापासून फोनवर लोकांचे अनुभव वाचत बसतो. कुणाच्या पोराला काय झालं, कुणाच्या भाचीला काय झालं. एक वाचलं की दहा समोर येतात.

तुला म्हणून सांगतो, कुणाला सांगू नकोस. मनात असं येतं की मीच तिला उचलून न्यायचं, मीच तिचा दंड धरायचा, आणि मग काही झालं तर? काही न करता काही झालं, तर निदान त्यात माझा हात नसेल. लिहिताना लाज वाटतेय, पण हे असंच वाटतं.

बायकोनं आदळआपट केली नाही. जेवायला वाढलं आणि म्हणाली, “तू हिरव्या दिव्याला गाडी उभी करून ठेवली आहेस. तुला वाटतंय, गाडी उभी आहे म्हणजे आपण सुरक्षित. मागून येणाऱ्याला विचार की.”

मागून कोण येतंय ते तिनं सांगितलं नाही. मला कळलं. पलीकडच्या वस्तीत गोवराची साथ आहे. ढमी ती उद्या घरात आणू शकते, आणि छकुलीला ती लस द्यायचं वय अजून झालेलं नाही. हे तू लिहायच्या आधीपासून मला माहीत होतं. म्हणून तर रंगाची सबब सुचली.

रागाव माझ्यावर. पण एवढ्यात दुसरीकडे खोली बघू नकोस. मला थोडा वेळ दे.

तुझा भाऊ


६ एप्रिल

प्रिय ताई,

सगळं क्रमानं सांगतो, नाहीतर तू शेवट आधी वाचशील.

आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा खिडकीवरच्या माणसांना बाहेर काढतात. ज्यांनी मशीन नेली आणि नंतर कधी तोंड दाखवलं नाही, अशा गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन मशीन कशी चालते ते विचारून यायचं. मी दरवर्षी कंबर धरून बसायचो. या वेळी साहेब म्हणाले, “कंबर घेऊनच जा.”

पहिल्याच घरात एक आजी होत्या. “बिघडली नाही तर तुम्ही आलात कशाला? बिघडवायला?” मशीनवर त्यांनी भरतकामाचा रुमाल घातला होता. दुसरीकडे गृहस्थाला कंपनीचं नावच आठवेना. तिसरीकडे आत लहान बाळाची झबली गरगर फिरत होती आणि बाळ समोर बसून तमाशा बघत होतं. दिवसभर जिने चढलो, पाय गेले, पण कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. चहा मात्र इतका झाला की शेवटी नको म्हणावं लागलं.

घरी येताना मी स्वतःवरच हसलो, आणि जरा ओशाळलोही. इतकी वर्षं त्या खिडकीत बसून मी समजत होतो, की धड चालणारी मशीन जगात नाहीच. धड चालणारी मशीन सांगायला खिडकीपाशी येणार कोण? आणि फोनवरही मी नेमकी तशीच एक खिडकी उघडून बसलो होतो.

यंत्र वेगळं आणि पोर वेगळं, हे मला कळतं. पोरीचा सुटा भाग मिळत नाही. त्यामुळे तेवढ्यावर मी काही ठरवलं नाही. पण निदान विचारायला तोंड उघडलं. शनिवारी ढमीला घेऊन गेलो आणि डॉक्टरीणबाईंना सरळ म्हटलं, “तुम्ही हमी देता का?”

“हमी नाही देत,” त्या म्हणाल्या. “आठवड्याभरानं ताप येऊ शकतो, थोडं पुरळही येईल. गंभीर रिअॅक्शन फार क्वचित येते, आणि आली तर बहुतेक लगेच दिसते, म्हणून तर टोचल्यावर इथे बसवून ठेवतो. पण गोवर झाला तर त्याची हमी कोण देणार? तो फुप्फुसात उतरतो, कधी मेंदूपर्यंत जातो. तशी पोरं मी बघितलीत. तुमच्या मनात काय आहे ते सांगा. मी बसलेय.”

मी त्या तापाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. ताप किती होता, झटके आले होते का, पाणी पीत होती का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, “तसा ताप येतो. एकटे होतात म्हणून जास्त घाबरलात. तेव्हाच इथे फोन करायचा होता.” ताई, मला कुणी एवढं साधं विचारलंच नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नव्हतं म्हणा.

दंड मीच धरला. सुई निघेपर्यंत ढमी रडली, मग नर्सबाईंच्या गळ्यातल्या ओळखपत्राशी खेळायला लागली. मी मात्र रुमाल शोधत होतो.

आठवड्यानं ताप आला, अगदी सांगितल्यासारखा. भीती वाटली नाही असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस. वाटली. पण या वेळी फोन केला, आणि बायको रजा काढून शेजारी बसली होती. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि आता लशीनं आपलं काम करण्याइतका वेळही झालाय. मी तेही विचारून घेतलं. छकुलीला घेऊन यायला हरकत नाही, फक्त साथ सरेपर्यंत तिला गर्दीत न्यायचं नाही.

तेव्हा ये. खोली तयार आहे. कामावर रुजू व्हायच्या आधी चार दिवस हाताशी ठेवून ये.

आणि छकुलीची वेळ येईल तेव्हा, ताई, तू धीराची आहेस हे मला ठाऊक आहे. तरीही ऐन वेळी तुझा धीर सुटला, तर तू बाहेर बाकावर बस. तिला मांडीवर मी घेईन.

तुझ्या लेकीचा मामा