निरंक अहवाल

४ नोव्हेंबर
मढच्या वरच्या वाडीत पोहोचलो. भातकापणी सुरू आहे, हवा छान आहे. सरकारी निधीतून इथे काही वर्षांपासून बालसंरक्षण केंद्र चालतं. मुलांवर अत्याचार होऊ नयेत म्हणून गावानेच राखण करायची, आणि मी तिथला नवा कार्यकर्ता. एक खोली, ताजा निळा रंग, भिंतीवर कुलूपबंद लाल पेटी. मुलांनी मनातलं लिहून तिच्यात टाकायचं. खंडोबाच्या फोटोला उदबत्ती लावली. झाडलोट करणाऱ्या अंबाबाईने नाचणीची भाकरी दिली आणि पावण्याला पचंल ना, अशी थट्टाही केली. तिची आठ वर्षांची नात हर्षाली माझ्या चष्म्याला खूप हसली.

९ नोव्हेंबर
पेटीची किल्ली केंद्राच्या गावसमितीचा अध्यक्ष रामदास याच्या करदोट्याला असते. नम्र माणूस. पोरांना गोळ्या वाटतो. पेटी बैठकीतच उघडायची, असा नियम आहे म्हणाला. बैठक दोन वर्षांत झालेली नाही.

१४ नोव्हेंबर
बालदिन. तालुक्याला अहवाल द्यायला गेलो. पेटी उघडलीच नव्हती, म्हणून तक्रारींचा रकाना कोरा ठेवला होता. लिपिक बाळासाहेब हसले. निरंक लिवा राव, म्हणाले. तक्रार दाखवली की चौकशी, चौकशी लागली की निधी अडकला, तुमचं मानधन बी त्यातच हाय. मी लिहिलं: निरंक. एकही तक्रार नाही. सही केली.
परत आलो तर पेटीत खरखर. कागदावर पेन्सिल चालावी तशी. पाल असेल.

१७ नोव्हेंबर
पाल नाही. भर दुपारी ऐकलं. ओळ संपते, थांबते, पुन्हा सुरू होते.
अंबाबाईला विचारलं. तिने केरसुणी खाली ठेवली. रामदासची पुतणी आरती रोज चिठ्ठी टाकायची. काकाबद्दलच. त्यानंच काढून वाचल्या व्हत्या भाऊ, म्हणाली. गेल्या दिवाळीत पोर विहिरीत मेलेली सापडली.
जुने अहवाल काढले. बारा महिने निरंक.
ज्याच्यापासून मुलं वाचवायची, त्याच्याच कमरेला किल्ली! आणि तेवढ्यासाठी दर वर्षी निधी, दर वर्षी नवा रंग! खाली माझीही सही. आज देवापुढे बसवलं नाही.

१८ नोव्हेंबर
कुलूप दगडाने फोडलं. आत एकच चिठ्ठी आणि पेन्सिलीचा तुकडा. आजची तारीख. शिसं बोटाला लागलं. काका आज हर्षालीला नेणार. खाली नाव — आरती.

धावत शाळेत गेलो. तिला आणलं. टेबलाखाली बसवलंय. अंबाबाई खाली मढला माणसं बोलवायला गेली. फोनला रेंज नाही.

बाहेर किल्ल्यांचा आवाज. तो गोड हाक मारतोय. हर्षाली, ये गं, गोळ्या आणल्यात —

कडी हलतेय. पोर माझा पाय सोडत नाही.

अहवालाची प्रत समोर आहे. तो तुकडा हातात — बर्फासारखा. आरती, बाई, माझा हात धर. निरंक खोडतो. नाव लिहितो. समितीचा अध्यक्ष रा—