पुढचे टायर

बाबा, काल आईने मला सांगितलं. तू गेल्याला इतकी वर्षं झाली, आणि इतकी वर्षं ती हे पोटात ठेवून होती.

सुकापूरच्या रस्त्यावरच्या आपल्या टायरच्या दुकानातच तू मला सगळं शिकवलंस. गाडी मुद्दाम आडवी घसरवत वळवायची, या ड्रिफ्टिंगच्या खेळाला तू आधी हसलास आणि मग माझ्याहून जास्त रमलास. "मागचा टायर घसरायलाच हाय, तो कडक चालंल, जळला तरी चालंल. पुढचा नाय घसरला पायजे. गाडी कुटं जानार ते पुढचा ठरवतो," म्हणायचास. माझा अंगठा धरून रबरात नख रुतवायला लावायचास. रुतलं तर रबर जिवंत. नाही रुतलं तर टायर कितीही चकचकीत दिसो, वयाने मेलेला. फेरी झाली की टायर थंड होऊ द्यायचे, मागची चाकं डावी-उजवी बदलायची, ठेवताना उन्हापासून लांब ठेवायचे. आई वैतागायची, पोरीच्या हाताला रबराचा वास येतो म्हणून. तुला त्याचंच कौतुक होतं. निदान मला तसं वाटायचं.

जासईजवळच्या कंटेनर यार्डात ड्रिफ्टिंगची स्पर्धा होती. त्या सकाळी चाकं तू स्वतः बसवलीस, मला पान्याला हात लावू दिला नाहीस. "तू डोकं शांत ठेव. टायरचं मी बघतो." टायर काळेभोर चमकत होते. बापाने बसवलेल्या टायरला नख लावून बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

पहिल्याच वळणावर मी स्टिअरिंग फिरवते आणि गाडी ऐकत नाही, तोंड सरळच जातं. पुढच्या वळणावर मी थेट कडेच्या वाळूच्या ढिगात. लोक हसतायत. तू धावत येतोस, दार उघडतोस, माझ्या डोक्यावरून हात फिरवतोस. "जाऊ दे पोरी. तुजा हात या कामाचा नाय."

मी ते खरं मानलं. गाडी विकून टाकली. नंतर साध्या रस्त्यावरही वळण आलं की माझे हात आखडायचे, शेवटी चालवणंच सोडलं. काल माझी मुलगी म्हणाली, मला गाडी शिकव. मी म्हटलं, "पप्पांकडून शीक. माझा हात वाईट आहे."

आई सुकट निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुजा हात नव्हता चुकला. तुज्या बाबानं पुढं जुनेच टायर घातलेले, पॉलिश मारून."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. बोलला, एकदा जिंकली का थांबायची नाय. एक दिवस जीव घालवंल."

तुला भीती वाटत होती, तेवढं मला कळतं. पण ढिगातून मला बाहेर काढताना तुला खरं माहीत होतं, आणि तरीही तू माझ्या हाताला दोष दिलास. टायरचं मी एखाद वेळी विसरेन. ते वाक्य कसं विसरू?

हे मी तुझ्या फोटोपुढे वाचणार नाही, आईलाही दाखवणार नाही. फक्त एक सांगते. त्या सकाळी पाना खाली ठेवून तू नुसतं म्हणाला असतास, "मला भ्या वाटतं, नको जाऊ," तर मी रडले असते, तुझ्याशी भांडले असते, पण गेले नसते.