ड्रमखालचा रुमाल

शिकागो, सोमवार

प्रिय आईस, एमिलकडून गालाचा पापा.

सुखरूप पोचलो. थंडी आहे, पण जेवतो वेळेवर. आज सोमवार, म्हणजे आपल्या गावच्या रिवाजाप्रमाणे राजमा-भात केला असशील. तूही जेवतेस ना?

मयतीपुढे बँड वाजवताना ड्रमखालच्या तारांत कापड घालून आवाज दबवायचा, हे मी कॉलेजात पोरांना शिकवतो. आणि बाबांच्याच मयतीला विसरलो! माझा ड्रम तडतडला, तसे ट्रम्पेट वाजवणारे अल्सीडकाका भर रस्त्यात म्हणाले, "काय प्रोफेसर, बापाला पोचवतोयस की वरात काढलीस?" माझी मान वर होईना.

तू पुढे येऊन हातातला रुमाल तेवढा तारांत सरकवलास.

तो ओला होता. मग दफनभूमीपर्यंत तू डोळे कशाने पुसलेस गं, आई?

तोंड लपवून बसलेला,
तुझा एमिल