टेसाच्या जन्माचा कागद

प्रिय आई,

परवा टेसानं फोनवर विचारलं, "कोर्टाचा निकाल लागल्यावर डॅडी माझा डॅडी राहील का?" नऊ वर्षांची पोर. चार वर्षं कॉलेजात घालवून, वर्षभर मोफत कायदा-मदत केंद्रात लोकांचे घटस्फोटाचे अर्ज भरून देणाऱ्या तिच्या बहिणीनं, म्हणजे मी, काय सांगितलं? मी म्हटलं, आधी दात घास आणि झोप.

तुला कोलंबस शहरात नवी नोकरी मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. लाकूड गिरणीत पाठ मोडल्यापासून वेंडेल दिवसभर गॅरेजमध्ये रेडिओ लावून बसतो आणि तू दोन पाळ्या करून येऊन एकटीच जेवतेस, हे मी पाहिलंय. नवरा जिवंत असून विधवा झालेय, असं तू रॉबर्टा मावशीला म्हणालीस तेही ऐकलंय. घटस्फोट घेऊ नकोस, असं मी कधीच म्हणणार नाही. वाटणीचंही मिटलं. घर तुला, त्यानं फक्त पिकअप आणि मासेमारीची होडी मागितली. बाकी त्याला हवेत ते टेसासोबतचे बुधवार आणि एकाआड एक शनिवार-रविवार.

आणि तुझ्या अर्जात लिहिलंय की टेसा त्याच्या रक्ताची नाही, म्हणून त्याचा तिच्यावर हक्क नाही. हॉस्पिटलात पितृत्वाच्या कागदावर सही केलीस तेव्हा तू गुंगीत होतीस आणि वेंडेलनं दडपण आणलं, असंही लिहिलंयस. साठ दिवस उलटल्यावर असा कागद रद्द करायचा तर फसवणूक नाहीतर दडपण दाखवावं लागतं, हे तुझ्या वकिलाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे, आई.

मी त्या खोलीत होते. चौदा वर्षांची. तुमचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. टेसाचा बाप कधीच गाव सोडून गेला होता आणि हे आपल्या तिघांनाही माहीत होतं. वेंडेलला नीट वाचता येत नाही, म्हणून नर्सनं दिलेला तो कागद मीच मोठ्यानं वाचला. तू उशीला टेकून बटाट्याच्या कापांवर केचप मागत होतीस. शंका असल्यास आधी तपासणी करून घ्या, अशी ओळ आली तेव्हा वेंडेल म्हणाला, "शंका कसली? माझी नाही ते ठाऊकच आहे. सही कुठे करू तेवढं दाखव."

तू हसलीस. "नीट ऐक, येड्या. अठरा वर्षं सुटका नाही." मग मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलंस आणि त्याच्या आधी तू सही केलीस.

गेल्या रविवारी मी हा विषय काढला तर तू भांडी आदळत म्हणालीस, "तुला शिकवली ती माझ्यावरच कायदा चालवायला का?" तुझ्या हातांना ट्रे उचलून पडलेले घट्टे माझ्या फीचे आहेत, मी ते विसरलेले नाही. पण तुला राग आलाच नव्हता. तू घाबरली होतीस. एक बुधवार त्याला दिला की पोरगी हळूहळू तिकडचीच होईल, असं तुला वाटतं. मी केंद्रात रोज मुलं बघते, आई. बापाला भेटून आलेली मुलं आईपासून दुरावत नाहीत. ज्यांच्या बापाचं नाव पुसलं जातं, ती मात्र नंतर आईलाच प्रश्न विचारत राहतात. मला माझ्या बापाबद्दल किती विचारावंसं वाटायचं आणि मी का विचारलं नाही, ते कधीतरी सांगेन.

हे पत्र एवढ्यासाठी की ही गोष्ट तुला वकिलाच्या तोंडून कळू नये. वेंडेलला अजून काही सांगितलेलं नाही. टेसानं तुझ्याजवळच राहावं, तिला तुझ्याइतकं कोणी जपणार नाही, हे मी कोर्टासाठीच्या माझ्या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय. त्या दिवशी तू पूर्ण शुद्धीवर होतीस आणि हसत होतीस, हेही लिहिलंय. आज सकाळी नोटरीसमोर त्यावर सही केली आणि साडेदहा वाजता कोर्टाच्या खिडकीत ते दाखल करून आले.

रागावलीस तरी तुझीच,
कोरिन